पाणकावळ्याच्या नावाचा फाँट आणि गोव्यातील लग्नपत्रिका

गेली काही वर्षे म्हापशाच्या आमच्या छापखान्यात लग्नपत्रिका करायला येणारी बरीच मंडळी रोमन अक्षरे कोणती हवीत हे मनात ठरवूनच येतात. कुणाच्या तरी पत्रिकेचे छायाचित्र मोबाइलवर असते, वधूवरांची नावे दोन बोटांनी मोठी करून ती मला दाखवली जातात आणि ‘अशीच बारीक, नाजूक अक्षरे हवीत’ असे सांगितले जाते. पाहिले तर तो फाँट बहुधा कॉर्मोरंट निघतो, आणि त्यातही त्याची सर्वांत बारीक, लाइट नावाची जाडी. पत्रिकांपासून सुरू झालेली ही आवड आता हॉटेलांची मेनूकार्डे, काजूफेणीच्या बाटल्यांवरची लेबले आणि नव्या घरांच्या नावांच्या पाट्या यांच्यापर्यंत पोचली आहे. या फाँटवर काम करता करता मी त्याच्या प्रेमात पडलो, त्याच्या चुकीच्या वापरामुळे एकदा चांगलाच अडचणीत आलो आणि तरीही तो वापरत राहिलो. म्हणून त्याची बलस्थाने आणि मर्यादा, विशेषतः मराठी मजकुराच्या शेजारी तो कसा वागतो, हे नीट मांडून ठेवावे असे वाटते.

कॉर्मोरंट म्हणजे पाणकावळा. चोडणच्या खारफुटीत किंवा खाजन शेतांच्या बांधांवर पंख पसरून अंग वाळवत बसलेला हा काळा पक्षी गोव्यात सर्वांच्या ओळखीचा आहे, आणि त्याची लांब मान व टोकदार चोच आठवली की या अक्षरांना हे नाव शोभते असे मला वाटते. क्रिस्टियान थालमान या स्विस अक्षरकाराने कॅथार्सिस फाँट्स या आपल्या नाममुद्रेखाली हा फाँट रेखाटला. त्यामागची प्रेरणा सोळाव्या शतकात पॅरिसमध्ये अक्षरांचे पोलादी ठसे कोरणाऱ्या क्लोद गारामाँ यांच्या कामाची आहे. मात्र एखादा जुना नमुना समोर ठेवून त्याची नक्कल केलेली नाही, बहुतेक आकृत्या नव्याने काढलेल्या आहेत. हे मोकळेपणाने सांगितलेले असणे मला मोलाचे वाटते, कारण गारामाँच्या नावाने विकल्या गेलेल्या कित्येक फाँटांचे मूळ प्रत्यक्षात त्यांच्या मागून आलेल्या झाँ जानों यांच्या सतराव्या शतकातील अक्षरांत आहे, आणि ही गल्लत १९२६ मध्ये छपाईच्या अभ्यासक बिएट्रिस वॉर्ड यांनी लेख लिहून उघड करेपर्यंत चालत राहिली होती.

गारामाँ १५६१ मध्ये वारले. त्याआधी पाच वर्षे, १५५६ मध्ये, भारतातील पहिला छापखाना जुन्या गोव्यातील सेंट पॉल कॉलेजात आला होता. पुढे १६१६ मध्ये रायतूरला फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले तेव्हा त्याची भाषा मराठी होती आणि अक्षरे रोमन होती, कारण देवनागरीचे खिळे, म्हणजे छपाईसाठी ओतलेली धातूची सुटी अक्षरे, इथे उपलब्ध नव्हते. गोव्याच्या मराठीचा रोमन अक्षरांशी असलेला संबंध इतका जुना असल्यामुळे मराठी घरच्या पत्रिकेवर रोमन अक्षर आले की मला ते परके वाटत नाही. ते अक्षर काळजीपूर्वक निवडलेले आणि काळजीपूर्वक बसवलेले असावे, एवढीच माझी अपेक्षा असते.

या फाँटचे मर्म समजून घ्यायचे तर खिळ्यांच्या काळात जावे लागते. माझे वडील खिळेजुळारी होते, आणि आमच्या जुन्या जागेत प्रत्येक आकाराच्या खिळ्यांची वेगळी लाकडी पेटी होती. हा आकार पॉइंट या मापात मोजतात; पॉइंट जितके जास्त तितके अक्षर मोठे. लहानपणी त्या पेट्यांतून खिळे काढून मी त्यांची अक्षरे एकमेकांशी ताडून पाहत असे, आणि एकाच वळणाचे अक्षर आठ पॉइंटात व अठ्ठेचाळीस पॉइंटात वेगळे का दिसते असे वडिलांना विचारत असे. हाताने ठसे कोरण्याच्या काळात प्रत्येक आकार स्वतंत्रपणे कोरला जाई. लहान आकारात बारीक रेघ मुद्दाम दणकट ठेवलेली असे, अक्षरांच्या पोटातली पोकळी मोठी आणि अक्षरे एकमेकांपासून थोडी सुटी असत. मोठ्या आकारात मात्र कारागिराला आपली सगळी नजाकत दाखवता येई, रेघा केसासारख्या होत आणि टोके धारदार. संगणकाने ही सोय एका परीने काढून घेतली, कारण तिथे एकच आराखडा सहा पॉइंटापासून सहाशे पॉइंटापर्यंत हवा तसा ताणला जातो. थालमान यांनी गारामाँच्या परंपरेतला तो मोठा, नजाकतीचा आकारच तेवढा रेखाटला आहे, आणि डिस्प्ले फाँट, म्हणजे शीर्षकांसाठीचा फाँट, म्हणूनच तो लोकांपुढे ठेवला आहे. पेटीवर जणू अठ्ठेचाळीस पॉइंट असे लिहिलेलेच आहे. ती चिठ्ठी न वाचता आपण तो नऊ पॉइंटात वापरतो, आणि मग वाचता येत नाही म्हणून फाँटला दोष देतो.

योग्य आकारात पाहिला तर हा फाँट अतिशय देखणा आहे. लाइट जाडीत चाळीस पॉइंटाच्या आसपास एखादे नाव बसवून ते कोऱ्या कागदावर छापावे आणि हातभर अंतरावरून पाहावे. उभ्या दंडांच्या टोकांना असलेली लहान आडवी पावले, ज्यांना सेरिफ म्हणतात, ती इथे काट्यासारखी टोकदार आहेत, तरी दंडातून पावलात उतरणारी वळणे मऊ असल्यामुळे अक्षर बोचरे वाटत नाही. लहान अक्षरांची अंगउंची बरीच कमी आहे आणि ‘एल’, ‘एच’, ‘डी’ यांचे दंड मात्र लांब वर गेलेले आहेत. त्यामुळे ओळीला नारळीच्या बागेसारखा एक उंच, विरळ बाज येतो आणि दोन दंडांच्या मधला पांढरा कागद अक्षराइतकाच डोळ्यांत भरतो. ‘ई’चा डोळा आणि ‘ए’चे पोट मुद्दाम लहान ठेवले आहेत. ‘आर’ने पुढे टाकलेला पाय आणि ‘एफ’चा झुकलेला माथा पाहिला की हे अक्षर लेखणीच्या घराण्यातले आहे याची खात्री पटते. तिरकी, म्हणजे इटॅलिक, अक्षरे तर मला उभ्या अक्षरांहूनही अधिक आवडतात. त्यांच्यात वेग आहे पण घाई नाही, आणि वधूवरांच्या नावांमधले ‘आणि’चे रोमन चिन्ह इटॅलिकमध्ये घेतले तर त्या एका चिन्हाने अख्ख्या पत्रिकेची शोभा वाढते, वेगळी वेलबुट्टी काढावी लागत नाही.

कॅपिटल अक्षरे सलग बसवायची असतील तर त्यांच्यामध्ये थोडे अंतर वाढवणे भाग आहे, नाहीतर लाइट जाडीत ती दाटीवाटीने उभी राहिल्यासारखी दिसतात.

लाइटपासून बोल्डपर्यंत पाच जाड्या या कुटुंबात आहेत आणि शिवाय काही भावंडे आहेत. नावात गारामाँड असलेल्या भावंडाच्या अक्षरांतली पोकळी मोठी आहे, त्यामुळे मूळ कॉर्मोरंटपेक्षा ते थोडे लहान आकारातही निभावते. ज्यांना एकच प्रकार उतरवून घ्यायचा आहे त्यांनी तोच घ्यावा. इन्फंट नावाच्या प्रकारात ‘ए’ आणि ‘जी’ ही अक्षरे शाळेत हाताने गिरवतात तशी एकमजली आहेत, आणि बारशाच्या निमंत्रणांसाठी मी तो आवर्जून वापरतो. अपराइट हा प्रकार म्हणजे इटॅलिकच्या वळणाची पण सरळ उभी राहिलेली अक्षरे; एखाद्या दुकानाच्या नावासाठी ती शोभतात, दोन ओळींच्या पुढे मात्र डोळ्यांना शिणवतात. लहान कॅपिटलांचा प्रकार घराण्याच्या आणि गावाच्या नावांसाठी उत्तम आहे. लहानमोठ्या अक्षरांची सरमिसळ करणारा युनिकेस मला अजून कोणत्याही कामात पटलेला नाही.

आकड्यांबद्दल एक सूचना करावीशी वाटते. या कुटुंबात एका उंचीचे सरळ आकडे आहेत आणि लहान अक्षरांसारखे वरखाली होणारे जुन्या वळणाचे आकडेही आहेत, आणि फाँटमधल्या पर्यायी आकृत्या निवडू देणाऱ्या, सॉफ्टवेअरच्या ओपनटाइप सोयींतून ते बदलता येतात. वाक्यात आलेल्या तारखेला जुन्या वळणाचे आकडे शोभतात, तर दूरध्वनी क्रमांकाला, वेळेला आणि मेनूकार्डावरच्या किमतींना सरळ आकडेच हवेत, कारण तिथे शोभेपेक्षा अचूक वाचले जाणे महत्त्वाचे असते. कोणते आकडे घ्यायचे हे आपण ठरवले नाही तर सॉफ्टवेअर ठरवते.

आता ती अडचण सांगतो. फोंड्याच्या एका घरची पत्रिका होती. गडद मरून रंगाचे जाड कार्ड, त्यावर चंदेरी शाई आणि सगळा इंग्रजी मजकूर कॉर्मोरंट लाइटमध्ये. नावे मोठी होती म्हणून ती छान उठली, पण मुहूर्त, सभागृहाचा पत्ता आणि स्वागतसमारंभाची वेळ मी नऊ पॉइंटात बसवली होती. पडद्यावर मी ती चारपट मोठी करून पाहत होतो, त्यामुळे सर्व काही ठीक वाटत होते, आणि प्रूफ, म्हणजे तपासणीची प्रतसुद्धा मी पांढऱ्या कागदावर काळ्या शाईतच काढले होते. पत्रिका पोचल्यावर दोन दिवसांनी वराचे वडील छापखान्यात आले आणि अगदी शांतपणे म्हणाले, “अहो, आमच्या आईनं मुहूर्त शेजारच्या मुलाकडून वाचून घेतला. तिच्या नातवाच्या लग्नाची पत्रिका आहे ही.” त्यांनी आवाज चढवला असता तर मला बरे वाटले असते. तीनशे पत्रिकांचा तपशिलाचा भाग मी माझ्या खर्चाने पुन्हा छापून दिला, पण त्या आजींनी पहिली पत्रिका हातात घेतली तो क्षण काही परत देता आला नाही.

चूक सर्वस्वी माझी होती आणि तिचे कारण साध्या मोजमापात आहे. छपाईत साधारण पाव पॉइंटाहून बारीक रेघ धोक्याची मानली जाते, आणि गडद पार्श्वभूमीतून कोरून काढायची असेल किंवा तशा रंगावर छापायची असेल तर ती दुप्पट जाड असावी असा संकेत आहे. कॉर्मोरंट लाइटच्या बारीक रेघा नऊ पॉइंटात या मर्यादेच्या खाली जातात. मग शाई एका ठिकाणी तुटते, दुसऱ्या ठिकाणी पसरते, आणि ‘ई’चा मुळातच लहान असलेला डोळा बुजून जातो. त्यानंतर मी स्वतःसाठी बंधन घालून घेतले. लाइट जाडी अठरा पॉइंटाच्या खाली वापरायची नाही, त्याखाली मीडियम घ्यायची, आणि अकराच्या खाली हा फाँटच बाजूला ठेवून त्याच परंपरेतला पण वाचनासाठी केलेला ईबी गारामाँड घ्यायचा. गेऑर्ग डुफनर यांनी सुरू केलेला तो फाँट १५९२ च्या एका नमुनापत्रावर बेतलेला आहे आणि लहान आकारात तो न कुरकुरता उभा राहतो. नावांना कॉर्मोरंट आणि तपशिलाला ईबी गारामाँड अशी जोडी केली तर दोन फाँट वापरले आहेत हे पाहणाऱ्याच्या लक्षातही येत नाही, कारण दोघांचे मूळ एकच आहे.

मराठी वाचकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मात्र वेगळाच आहे. कॉर्मोरंटमध्ये देवनागरी नाही. रोमन आणि रशियनसारख्या भाषांची सिरिलिक या लिपी त्यात आहेत. मराठी मजकुरावर हा फाँट लावला की सॉफ्टवेअर आपल्या मनाने दुसरी कोणतीतरी देवनागरी तिथे आणून ठेवते, आणि अनेक जण ती तशीच छापतात. गोव्यातील मराठी घरांच्या पत्रिकेवर हे फार खटकते, कारण तिची सुरुवातच देवनागरीने होते. वर ‘॥ श्री मंगेश प्रसन्न ॥’ किंवा ‘॥ श्री शांतादुर्गा प्रसन्न ॥’ अशी कुलदेवतेची ओळ, मग ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ हा ठरलेला आरंभ, आणि इंग्रजी मजकूर समोरच्या पानावर किंवा खाली. ज्या ओळीला घरातले सर्वांत जास्त मान देतात तीच ओळ योगायोगाने आलेल्या जाडजूड फाँटमध्ये आणि इंग्रजी नावे मात्र निगुतीने निवडलेल्या फाँटमध्ये, अशा पत्रिका मी डझनांनी पाहिल्या आहेत.

बारीक रोमन अक्षराशेजारी देवनागरी बसवणे मुळातच अवघड आहे, आणि त्याची कारणे लिपीत आहेत. देवनागरीला शिरोरेषा असते. शब्दभर सलग जाणारी ती आडवी पट्टी ओळीला जो काळेपणा देते तो रोमन ओळीत कुठेच नसतो. दुसरे कारण लेखणीचे. रोमन अक्षरांचा रुंद टाक आणि आपला बोरू यांची कापणी उलट दिशांची असल्यामुळे जाडी ज्या बाजूला पडते ती बाजू दोन्ही लिपींत वेगळी असते, आणि कॉर्मोरंटसारख्या फाँटमध्ये जाड व बारीक रेघांतला फरक इतका उघड आहे की शेजारी देवनागरी आली की हा विरोध लगेच दिसतो. तिसरे म्हणजे उंची. कॉर्मोरंटच्या लहान अक्षरांची अंगउंची कमी असल्यामुळे दोन्ही लिपी एकाच पॉइंटात बसवल्या तर मराठी ओळ मोठ्याने बोलते आणि इंग्रजी ओळ कुजबुजते.

यावर बऱ्याच जणांना सुचणारा उपाय म्हणजे तितकीच बारीक देवनागरी शोधणे. मी तो करून पाहिला आणि सोडून दिला. सर्वत्र एकाच जाडीच्या रेघेची, तारेसारखी बारीक देवनागरी कॉर्मोरंटशेजारी ठेवली की बारीकपणा जुळतो पण स्वभाव जुळत नाही; एकीकडे लेखणीचे अक्षर आणि दुसरीकडे तार वाकवून केलेले. रेघेची जाडी जुळवण्याच्या मागे न लागता ओळीचा एकूण करडेपणा जुळवावा, हा माझ्या अनुभवाचा निष्कर्ष आहे. डोळे किंचित मिटून पाहिले असता दोन्ही ओळी सारख्याच करड्या दिसल्या की काम झाले असे समजावे.

त्यासाठी दोन देवनागरी फाँट मला सर्वाधिक उपयोगी पडले. पहिला मार्टेल, ज्याची देवनागरी डॅन रेनॉल्ड्स यांनी केली आहे. त्यात अतिबारीकपासून अतिजाडपर्यंत सात जाड्या असल्यामुळे करडेपणा नेमका जुळवता येतो, आणि अक्षरे ऐसपैस असल्यामुळे ती लहान आकारात घेऊनही वाचता येतात. कॉर्मोरंट लाइट वीस पॉइंटात असेल तर मी मार्टेल लाइट पंधराच्या आसपास ठेवतो आणि दोन ओळींमधले अंतर भरपूर वाढवतो, कारण वर रफार, मात्रा आणि खाली उकार यांना जागा लागते. ‘मूर्ती’ आणि ‘कौटुंबिक’ हे शब्द वरखाली आले तरी एकमेकांना चिकटू नयेत, ही माझी कसोटी असते. दुसरा टिरो देवनागरी मराठी. तो एकाच जाडीत मिळतो आणि तीही कॉर्मोरंट लाइटपेक्षा काळी आहे, म्हणून त्याच्याशेजारी मी कॉर्मोरंटची मीडियम जाडी घेतो. तरीही कुलदेवतेच्या ओळीसाठी माझी पहिली पसंती त्यालाच आहे, कारण त्यातले ‘ल’ आणि ‘श’ आपल्या मराठी वळणाचे आहेत, हिंदी वळणाचे नाहीत. हा फरक सर्वसामान्य माणसाला शब्दांत सांगता येत नाही, पण ‘शुभविवाह’ हा शब्द दोन्ही वळणांत छापून समोर ठेवला की जुनी माणसे न चुकता आपल्या वळणावर बोट ठेवतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

रोमन अक्षरांतील गोमंतकीय नावांची मात्र कॉर्मोरंट उत्तम काळजी घेतो. देसाई दोन ‘एस’नी लिहिणारी किंवा प्रभूंचे ‘पोरोब’ करणारी पोर्तुगीज वळणाची स्पेलिंगे इथे अजून चालतात. पणजीच्या साव तोमे वाड्याचे नाव पोर्तुगीज पद्धतीने लिहायचे तर ‘ए’वर लहर लागते, आणि कुणाच्या आडनावात ‘सी’खाली शेपटी असते. पुष्कळ फुकट फाँटांत ही चिन्हे नंतर चिकटवल्यासारखी दिसतात किंवा नसतातच. इथे ती अक्षराच्याच रेघेने काढलेली आहेत आणि लाइट जाडीतही आपल्या जागी नेटकी बसतात. रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या, कोकणीत निमंत्रण छापून घेणाऱ्या शेजाऱ्यांसाठीही मी म्हणूनच हा फाँट निःशंकपणे सुचवतो.

कागद आणि छपाई यांच्या बाबतीत गोव्याची हवा लक्षात घ्यावी लागते. पावसाळ्यात कागद ओल शोषतो, किंचित फुगतो आणि चार रंगांचे ठसे एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत; जाड अक्षरात हे खपते, पण केसासारख्या रेघेला कडेने दुसरा रंग दिसू लागतो. म्हणून लाइट जाडी नेहमी एकाच शाईत छापावी, चार रंग मिसळून केलेल्या तपकिरी किंवा निळ्या रंगात नव्हे. हातकागदाचा मोह अनेकांना असतो, पण त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर सोनेरी फॉइल सलग बसत नाही आणि बारीक रेघा जागोजाग तुटतात. गुळगुळीत, जाड, फिकट रंगाचे कार्ड आणि त्यावर गडद शाई, इतका साधा थाट या फाँटला सर्वाधिक शोभतो. फॉइलच हवे असेल तर ते नावांपुरते ठेवावे आणि जाडी रेग्युलर घ्यावी, म्हणजे ठशातून उठल्यावर ती लाइटसारखीच नाजूक पण सलग दिसते.

घरांच्या पाट्यांबद्दल माझे मत मिश्र आहे. अॅक्रिलिक किंवा पत्र्यातून कापलेल्या अक्षरांसाठी लाइट घेऊच नये. बारीक सांधे वाहतुकीतच मोडतात, आणि समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत उरलेलेही लवकर गंजतात. रंगवलेल्या टाइलवर मात्र हे अक्षर फार सुरेख उतरते. टाइल रंगवणाऱ्या एका कारागिराने मला सांगितले की भट्टीत रंग थोडा पसरतो, म्हणून तो कॉर्मोरंट लाइटचा आराखडा गिरवतो आणि भाजून निघेपर्यंत रेघ आपोआप थोडी भरते. पांढऱ्या टाइलवर निळ्या रंगात, कुंचल्याच्या हलक्या थरथरीसह आलेले हे अक्षर मी आजवर या फाँटचे पाहिलेले सर्वांत जिवंत रूप आहे. देवळाच्या उत्सवी नाटकाचा फलक असेल तर गोष्ट उलट आहे. तो रस्त्याच्या पलीकडून, चालत्या स्कूटरवरून वाचायचा असतो, आणि तिथे दणकट देवनागरीला पर्याय नाही.

हॉटेलांच्या मेनूकार्डांत या फाँटचा सर्वाधिक दुरुपयोग होतो असे मला वाटते. संध्याकाळी मंद दिव्यात, पिवळसर कागदावर, राखाडी रंगात छापलेली लाइट जाडीची यादी वाचायला लोक मोबाइलचा दिवा लावतात. पदार्थांच्या विभागांची शीर्षके कॉर्मोरंटमध्ये आणि यादी दुसऱ्या फाँटमध्ये, अशी साधी विभागणी केली तर रूपही टिकते आणि पाहुण्यालाही त्रास होत नाही. फेणीच्या लेबलांचेही असेच आहे. काजूफेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून बाटलीला साजेसे रूप देण्याची उत्पादकांची इच्छा वाढलेली दिसते, आणि फेणीच्या नावासाठी हा फाँट शोभतोही. पण कायद्याने छापावा लागणारा बारीक मजकूर त्यात बसवू नये.

पडद्यावरचे नियम छपाईसारखेच आहेत. चांगल्या मोबाइलवर मोठे शीर्षक छान दिसते, जुन्या संगणकावर बारीक रेघा धूसर होतात. वेबवरील मजकुराची स्पष्टता मोजणारे निकष साध्या आकाराच्या अक्षरासाठी रंगफरकाचे प्रमाण निदान ४.५ ला १ असावे असे सांगतात, पण इतक्या बारीक अक्षराला ते प्रमाण पाळूनही पुरत नाही. त्याला शुद्ध काळ्याच्या जवळचा रंगच द्यावा.

किमतीचा प्रश्न नाही. हा फाँट एसआयएल ओपन फाँट लायसन्स या मुक्त परवान्याखाली गूगल फाँट्सवर मिळतो. धंद्यासाठी वापरता येतो, पुस्तकात व संकेतस्थळावर समाविष्ट करता येतो, आणि नुसता फाँट विकायला तेवढी मनाई आहे. छापखान्यांतून चोरट्या प्रती फिरण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. इतक्या दर्जाचा फाँट उजळ माथ्याने वापरता येतो ही गोष्ट माझ्यासारख्या लहान व्यावसायिकाला फार मोठी वाटते.

त्याच परवान्यात आणखी एक शक्यता आहे, आणि ती प्रत्यक्षात यावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. मूळ फाँटात भर घालण्याची, म्हणजे त्याच्या शेजारी बसेल अशी देवनागरी रेखाटून ती सर्वांना देण्याची मुभा त्याने दिलेली आहे. अशी देवनागरी करणाऱ्याला गारामाँच्या नमुन्यांकडे पाहून फारसा उपयोग होणार नाही. त्याला आपल्या पोथ्यांतले बोरूचे अक्षर मोठे करून पाहावे लागेल, जाड-बारीक रेघांची दिशा आपली ठेवून त्यांच्यातला फरक तेवढा कॉर्मोरंटइतका करावा लागेल, आणि ‘ळ’, ‘क्ष’, ‘श्री’ यांच्या गाठी चाळीस पॉइंटात रेखीव दिसतील पण चौदा पॉइंटात बुजणार नाहीत अशा सोडवाव्या लागतील. मी वहीत काही अक्षरे काढून पाहिली आहेत. ‘म’ आणि ‘ग’ बरे जमले, पण शिरोरेषेशी येऊन अडलो आहे: ती इतर बारीक रेघांइतकी केसासारखी केली की शब्द लोंबकळल्यासारखे दिसतात, आणि थोडी जाड केली की सगळा हलकेपणा तिच्याखाली दबून जातो.